परिशिष्ट तीनमधली लिफ्ट

काम एका पानाचं होतं. तेही धड पूर्ण पान नाही. वर संघटनेचं नाव, खाली सही आणि मधे चार-सहा ओळी. सॉलिसिटरांच्या संघटनेचे या वर्षीचे अग्रक्रम कोणते, ते एका पानावर लिहून नव्या निबंधकबाईंना नेऊन द्यायचे, संपलं. निबंधकबाई म्हणजे दस्तनोंदणी खात्याच्या मुख्य. खरेदीखतं, मृत्युपत्रं, भाडेकरार, सगळं त्यांच्या खात्यात नोंदवायचं असतं, त्यामुळे सॉलिसिटर मंडळींचं पोट निम्मं त्यांच्या शिक्क्यावर चालतं. शिवाय ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर संघटना भाड्याने राहते, ती इमारतही त्याच खात्याची, आणि बाईंचं कार्यालय तिच्याच पहिल्या मजल्यावर. बाईंनी येत्या गुरुवारी अकरा वाजता दहा मिनिटं दिली होती आणि निरोपात स्वच्छ सांगितलं होतं की एक पान आणा, जास्त नको. भेटीची विनंती तेवढी रीतसर पत्राने करा, म्हणजे नोंद राहील.

अध्यक्षांनी हे काम चिटणीसांवर सोपवलं. अध्यक्ष सगळीच कामं चिटणीसांवर सोपवत आणि ती झाली की प्रास्ताविक स्वतः करत. चिटणीसांचीही तक्रार नव्हती. लिहिण्याच्या कामाला ते कधी मागे हटले नव्हते. कोर्टात उभं राहून भांडतात ते वकील वेगळे. सॉलिसिटर बसून भांडतात, कागदावर. सव्वीस वर्षांत चिटणीसांनी न्यायाधीशांसमोर एकदाही तोंड उघडलं नव्हतं, पण त्यांच्या हातच्या खरेदीखतात कुणाला बोट शिरवायला फट सापडल्याचंही ऐकिवात नव्हतं.

आणि अग्रक्रम विचाराल, तर चिटणीसांच्या मनात एकच होता. लिफ्ट.

लिफ्ट दोन महिने बंद होती. त्यापायी थोरल्या साहेबांचे हाल चालले होते. थोरले साहेब म्हणजे वय वर्षं ब्याऐंशी, संघटनेची नियमावली ज्यांनी लिहिली ते. निम्म्या सभासदांना मसुदा कसा लिहायचा ते त्यांनीच शिकवलेलं, चिटणीसांनाही. स्वतःची कामं त्यांनी केव्हाच आवरती घेतली होती, पण रोज दुपारी चार ते पाच ते तिसऱ्या मजल्यावर संघटनेच्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. ज्याचं जे अडलं असेल ते त्याने येऊन खुशाल विचारावं. लिफ्ट बंद पडली आणि गुडघे जिना चढू देईनात. घरीही बसवेना. म्हणून मग चारच्या ठोक्याला ते खाली प्रवेशदारापाशी पहारेकऱ्याशेजारच्या लाकडी खुर्चीत येऊन बसत आणि पाचला उठून घरी जात. गेल्या आठवड्यात त्यांनी चिटणीसांना हाक मारून थांबवलं.

“पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मी येणार नाही,” साहेब म्हणाले. “माझं टेबल कुणाला तरी देऊन टाका.”

“असं कसं म्हणता साहेब! लिफ्टचं मी बघतो ना.”

“बघा,” साहेब म्हणाले.

तेव्हा एक तारखेच्या आत लिफ्ट सुरू करायची, एवढाच चिटणीसांचा हेतू. इतका सरळ हेतू मनात असताना माणूस नऊ पानांपर्यंत पोहोचतो कसा, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने एकदा आयुष्यात एखाद्या कार्यकारिणीवर जरूर काम करावं.

रविवारी सकाळी चिटणीस कोरा कागद घेऊन बसले. बायको समोर वह्या तपासत होती. ती शाळेत भूगोल शिकवते, आणि जगातली कुठलीही मोठी गोष्ट नकाशावर एका ठिपक्यात दाखवता येते अशी तिची समजूत आहे.

“अहो, त्यात एवढं काय बसलाय विचार करत? ‘लिफ्ट दुरुस्त करून द्या’ लिहा आणि भाजी घेऊन या.”

“अगं, संघटना आहे ती. किराणा मालाची यादी आहे का?”

“किराणा मालाच्या यादीत निदान मीठ कुठे लिहिलंय ते सापडतं,” बायको म्हणाली.

चिटणीस भाजी आणायला उठले आणि दारातच शेजारचे आबा भेटले. आबा पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सरकारी कागद म्हटला की त्यांचे कान टवकारतात. त्यांनी चिटणीसांची पिशवी धरून ठेवली आणि सगळी हकिगत काढून घेतली.

“पहिल्या नंबरला लिफ्ट?” आबा हादरले. “वेडे की काय? अहो, पहिली मागणी कधी मंजूर होत नसते. पहिलीच मंजूर केली तर साहेबाची किंमत काय राहिली? पहिलीवर ‘विचाराधीन’, दुसरीवर ‘निधीअभावी शक्य नाही’, शेवटचीवर ‘पुढील वर्षी पाहू’. जे पाहिजे असेल ते मधे सरकवायचं, चौथं नाहीतर पाचवं. तिथवर येईतो साहेबाला चहाची आठवण झालेली असते, मग तो मुकाट सही करतो.”

या पद्धतीने आबांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एक लोखंडी कपाट मिळवलं होतं. पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की चिटणीसांना पटलं. त्यांनी लिफ्ट चौथ्या नंबरला टाकली. आता चौथ्याच्या आधी तीन मागण्या हव्यात, आणि त्या काही चिटणीसांकडे नव्हत्या. तेव्हा त्यांनी कार्यकारिणीच्या अकराही जणांकडे मसुदा पाठवून दिला आणि खाली लिहिलं, ‘अभिप्रायार्थ’.

ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाच्या हातून झाली नसती. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून गप्प बसू शकतो. पण सॉलिसिटराच्या हातात मसुदा दिला आणि तो जसाच्या तसा परत आला, असं आजवर घडलेलं नाही. जसाच्या तसा परत करणं हे त्यांच्यात उद्धटपणाचं समजतात. वाचलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. चांगल्या घरचा सॉलिसिटर निदान दोन ठिकाणी तरी लाल शाई लावतोच.

सोमवार उजाडला आणि अभिप्रायांचा पाऊस सुरू झाला. पहिला अभिप्राय फारकतबाईंचा. या बाई नवरा-बायकोंचे तंटे सोडवतात, म्हणजे त्यांना सोडवतात. त्यांची मागणी अशी, की नोंदणी कार्यालयाबाहेर दोन स्वतंत्र बाकं हवीत. “सध्या एकच बाक आहे हो. दोघं तासभर शेजारी बसतात, एकमेकांना पाणी देतात, आणि आत यायची वेळ होईतो पुन्हा गोड होतात. माझ्या चार केसेस त्या बाकाने खाल्ल्या.” त्यांनी हा अग्रक्रम एक नंबरला टाकला होता.

कुणी उन्हाळ्यात काळा कोट घालायची सक्ती नको म्हणून एक नंबर मागितला. कुणी वाचनालयातल्या चहाचा दर्जा काढला. तरुण सभासदांना फोन चार्ज करायला जागा हवी होती. अध्यक्षांनी भिडेखातर एवढंच सुचवलं की माजी अध्यक्षांच्या तसबिरी सभागृहात लावण्यासाठी खात्याने भिंतीला खिळे ठोकू द्यावेत. आणि माजींबरोबर विद्यमानही लावले तर भिंतीचा तोल साधेल. सगळ्यांनाच पहिला नंबर हवा होता. चिटणीसांच्या नाकी नऊ आले. शेवटी कंपन्यांची कामं करणारे एक बुद्धिमान गृहस्थ, ज्यांना सगळे कंपनीवाले म्हणत, त्यांनी तोडगा काढला. मसुद्यात एक कलम घालायचं: ‘सदर अग्रक्रमांच्या क्रमावरून कोणत्याही अग्रक्रमास इतर कोणत्याही अग्रक्रमापेक्षा अधिक अथवा कमी महत्त्व आहे असे समजण्यात येऊ नये.’ हे वाचून सगळ्यांचं समाधान झालं. मग याला अग्रक्रम का म्हणायचं, असं बायकोने विचारलं. पण ती भूगोलवाली.

कंपनीवाल्यांनी पुढे लिफ्टकडे मोहरा वळवला. नुसतं ‘लिफ्ट’ लिहून चालायचं नाही, व्याख्या हवी. उद्या खातं म्हणेल, आम्ही डबा दुरुस्त केला, दाराचं काही ठरलं नव्हतं. म्हणून त्यांनी व्याख्या घातली: ‘लिफ्ट म्हणजे सदर इमारतीत उभ्या दिशेने ये-जा करणारे, परंतु सध्या न करणारे, यांत्रिक साधन; आणि त्यात दार, बटणे, दिवा व आरसा (तडा गेलेला) यांचा समावेश होईल.’ चिटणीसांना ही व्याख्या मनापासून आवडली. त्यांनी त्यात पंखाही घातला.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत मागण्या एक्केचाळीस झाल्या होत्या आणि पानं नऊ. बाईंनी सांगितलं होतं एक. यावरही कंपनीवाल्यांकडे उत्तर होतं. पहिलं पान तेवढं पान, बाकीची परिशिष्टं; आणि परिशिष्ट म्हणजे पान नव्हे. त्यामुळे पहिल्या पानावर प्रास्ताविक राहिलं, दुसऱ्यावर व्याख्या, आणि लिफ्ट चौथ्याची चौदावी होत होत परिशिष्ट तीनमध्ये ‘इमारतविषयक किरकोळ बाबी’ या मथळ्याखाली, नळाच्या वॉशरच्या शेजारी जाऊन पडली.

हे सगळं चालू असताना चिटणीसांची दिवसाकाठी सहा-सात वेळा तीन मजले चढ-उतर चालली होती. त्यातल्या चार ते पाचच्या फेऱ्यांत खुर्चीत थोरले साहेब दिसत. चिटणीस हातातले कागद हलवून धावताधावता म्हणत, “साहेब, तुमच्यासाठीच धावतोय हं!”

“धावा,” साहेब म्हणत.

राहिलं होतं फक्त भेटीचं पत्र. ते चिटणीसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या कार्यालयात टायपिस्टबाईंना तोंडी सांगितलं. पत्र नम्र होतं. नव्या पदावर रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, गुरुवारी अकरा वाजता आपल्या सवडीने दहा मिनिटं द्यावीत ही विनंती, सोबत संघटनेचे अग्रक्रम जोडले आहेत. टायपिस्टबाई चिटणीसांकडे एकोणीस वर्षं होत्या. या एकोणीस वर्षांत त्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पत्राचा शेवटचा परिच्छेद एकच होता, त्यामुळे तो सांगावा लागत नसे. बाईंची बोटं तो आपोआप टाइप करत, आणि चिटणीसांचे डोळे तो आपोआप सोडून देत. त्यांनी सही केली, पत्राला नऊ पानं टाचली आणि स्वतः खाली जाऊन पोच घेतली.

बुधवारी दुपारी खात्याचं उत्तर आलं. गुरुवारची भेट रद्द. ‘आपली कायदेशीर नोटीस मिळाली. प्रकरण खात्याच्या विधी अधिकाऱ्यांकडे पाठवले असून यापुढे या विषयावर प्रत्यक्ष भेट घेता येणार नाही.’

“नोटीस?” चिटणीस ओरडले. “कसली नोटीस?”

टायपिस्टबाईंनी स्थळप्रत, म्हणजे फाईलमधली नक्कल, काढली. त्यात अभिनंदन होतं, विनंती होती, अग्रक्रम होते, आणि त्याखाली होतं: ‘हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वरील बाबींची पूर्तता न केल्यास आपल्याविरुद्ध दिवाणी व फौजदारी स्वरूपाची कारवाई करण्यात येईल आणि तिच्या सर्व परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल, याची कृपया नोंद घ्यावी.’

“तुम्ही नको म्हणाला नव्हतात,” टायपिस्टबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

चिटणीसांनी कपाळावर हात मारला. चहा, खिळे आणि स्वतंत्र बाकं पंधरा दिवसांत न मिळाल्यास एका सरकारी अधिकाऱ्यावर फौजदारी! ते तडक खात्याच्या खिडकीशी गेले. आतल्या अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं, सहानुभूतीने मान हलवली आणि सांगितलं की चुकून गेली असली तरी नोटीस ती नोटीसच. ती तोंडी मागे घेता येत नाही. संघटनेचा ठराव आणा.

ठराव म्हणजे कार्यकारिणीची सभा, आणि सभा म्हणजे कोरम. नियमावलीप्रमाणे अकरांपैकी सात जण ‘संघटनेच्या सभागृहात’ हजर हवेत. चिटणीसांनी शुक्रवारी चारची सभा बोलावली. आता पाहा, दोघं परगावी गेले होते. एकाचं कंबरेचं दुखणं. दोघांनी खाली प्रवेशदारातून वर जिन्याकडे एकवार बघितलं, हात जोडले आणि निघून गेले. उरले सहा. एक कमी.

“थोरले साहेब आहेत की खाली,” फारकतबाई म्हणाल्या. “तहहयात सभासद आहेत. नियमावलीप्रमाणे ते कोरममध्ये धरले जातात.”

सगळे खाली आले. चिटणीसांनी साहेबांना परिस्थिती सांगितली आणि म्हणाले, “तुम्ही इथूनच फक्त ‘हजर’ म्हणा साहेब, मी इतिवृत्तात लिहितो.”

“नाही म्हणता येणार,” साहेब म्हणाले. “नियमावलीत ‘सभागृहात’ असं लिहिलंय. मीच लिहिलंय. मी प्रवेशदारात आहे.”

“इमारत एकच आहे ना पण साहेब!”

“मग रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला गावातल्या प्रत्येक सभेत हजर धरायचं का?” साहेबांनी विचारलं. लिफ्ट चालू झाल्याशिवाय साहेब वर येऊ शकत नव्हते आणि साहेब वर आल्याशिवाय लिफ्टचं घोडं पुढे सरकत नव्हतं. चिटणीसांना त्या क्षणी रडायलाच यायचं बाकी होतं. एक तारखेला बारा दिवस उरले होते.

“उचलू या,” फारकतबाई म्हणाल्या.

“काय?”

“साहेबांना हो. खुर्चीसकट.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “पडलो तर जबाबदारी कुणाची?”

हा प्रश्न सहा सॉलिसिटरांना एकदम विचारायचा नसतो. दहा मिनिटं त्यावरच गेली. कंपनीवाल्यांच्या मते चारही पाय धरणारे संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार. चिटणीसांचं म्हणणं, पुढच्यापेक्षा मागच्यावर भार जास्त, तेव्हा जबाबदारीही त्या प्रमाणात. अध्यक्ष म्हणाले की ते पुढे चालून मार्गदर्शन करतील, आणि त्यांचा हात खुर्चीला लागलाच तर तो केवळ आदरापोटी लागला अशी नोंद व्हावी. शेवटी साहेबांनीच पहारेकऱ्याच्या वहीत तीन ओळींचा कागद लिहिला, सहाही जणांच्या सह्या घेतल्या, तो खिशात ठेवला आणि म्हणाले, “उचला.”

पुढचे दोन पाय कंपनीवाले आणि एक तरुण सभासदबाई, मागचे दोन फारकतबाई आणि चिटणीस. चिटणीसांनी गेल्या कित्येक वर्षांत खरेदीखतापेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. आठव्या पायरीला त्यांचा श्वास लागला, बाराव्या पायरीला चष्मा घसरून मिशीवर आला. वरून अध्यक्ष “डावीकडे, डावीकडे” म्हणत होते आणि जिना उजवीकडे वळत होता. साहेब खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. पहिल्या मजल्याच्या वळणावर मिरवणूक पोहोचली आणि नेमकं तेव्हाच दार उघडून एक बाई बाहेर आल्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात फाईल. खुर्ची अंगावर येते आहे असं पाहून त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

“हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी ओळखलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. “निबंधकबाई!” ते पुटपुटले आणि मार्गदर्शन सोडून चार पायऱ्या वर चढले.

सगळ्यांनी चिटणीसांकडे बघितलं. चिटणीसांच्या मनात उत्तराचा मसुदा तयार होता. त्याची सुरुवात ‘सदर प्रकरणी’ अशी होती. पण त्यातला एक शब्दही बाहेर येईना, कारण छातीत वाराच उरला नव्हता.

“लिफ्ट,” ते म्हणाले. “बंद आहे.”

“कधीपासून?”

“दोन महिने.”

“मला कुणीच कसं सांगितलं नाही? मी जिन्याने येते-जाते, मला काय कळणार?”

“नऊ पानं,” चिटणीस म्हणाले. “पाठवली.”

“ती तुम्ही पाठवलीत?” बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मी दुसऱ्या पानावर व्याख्यांपर्यंत गेले आणि विधी अधिकाऱ्यांकडे पाठवून दिली. लिफ्ट कुठे होती त्यात?”

“परिशिष्ट तीन. वॉशरखाली.”

बाईंनी हातातली फाईल काखेत मारली. खुर्चीचा मागचा पाय चिटणीसांच्या बोटांत रुतत होता. “आणि आता वर कशासाठी चाललात?”

“नोटीस मागे घ्यायला,” फारकतबाई म्हणाल्या. “ठराव करायचाय.”

“मुळीच घेऊ नका!” बाई एकदम म्हणाल्या आणि लगेच इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “अहो, विनंतीला माझ्या खात्यात मुदत नाही. माझ्या टेबलावर सहा वर्षांपूर्वीच्या विनंत्या पडल्यात. नोटिशीला पंधरा दिवस आहेत, तिचं उत्तर द्यावंच लागतं. एक्केचाळीसांपैकी पंधरा दिवसांत माझ्या हातात आहे ती ही एकच गोष्ट. ठराव केलात तर फाईल बंद होईल, आणि लिफ्टही तशीच राहील.” एवढं बोलून त्या झपझप जिना उतरून गेल्या.

सहाही जण मधल्या वळणावर उभे राहिले. वर जायचं कारण उरलं नव्हतं आणि खाली उतरायचं त्राण उरलं नव्हतं. साहेब म्हणाले, “मला खाली ठेवा, मी चालत उतरतो. उतरताना गुडघे एवढे दुखत नाहीत.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी करत ते उतरले, घड्याळात पाच वाजलेले पाहिले आणि घरी गेले.

नोटिशीच्या अकराव्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, लिफ्ट सुरू झाली. कारागिराला वीस मिनिटं लागली. दाराजवळची एक तार तुटली होती. आरशाचा तडा तसाच राहिला, कारण त्याबद्दल खात्याने व्याख्येतल्या कंसावर हरकत घेतली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता थोरले साहेब लिफ्टने वर आले, तेव्हा वाचनालयात अकराच्या अकरा जण उभे होते. कंबरदुखीवालेही होते. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं आणि त्यात ‘आमच्या अथक पाठपुराव्यामुळे’ असं तीनदा म्हणाले. चिटणीसांची छाती भरून आली होती. साहेब खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी बसले, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि चिटणीसांच्या हातात दिला.

कागदावर दोनच ओळी होत्या. ‘येत्या एक तारखेपासून मी वाचनालयात येणार नाही. माझे टेबल संघटनेने परत घ्यावे.’

“साहेब,” चिटणीस गोंधळले. “लिफ्ट सुरू झाली की हो!”

“झाली ना. चांगलं झालं. मंडळींची सोय झाली.” साहेबांच्या आवाजात राग नव्हता, रोजच्यासारखाच होता. “मी दोन महिने खाली बसलो होतो. रोज तासभर. तुम्ही अकराही जण माझ्यासमोरून जात-येत होतात. एकानेसुद्धा थांबून काही विचारलं नाही. तेव्हा म्हटलं, आता कुणाचं अडत नाही. मग उगाच टेबल कशाला अडवायचं?”

फारकतबाईंनी खाली मान घातली. चिटणीसांना वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. या माणसासाठी आपण दोन आठवडे जिना झिजवला, एक्केचाळीस मागण्या लिहिल्या, फौजदारीची धमकी दिली. आणि खुर्चीशेजारी दोन मिनिटं टेकावं, एवढं काही सुचलं नाही. कुठे बघावं हे न कळून ते हातातल्या कागदाकडे बघत राहिले. आणि सव्वीस वर्षांची सवय, डोळे आपोआप ओळींवरून फिरले.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “एक विचारू का?”

“विचारा.”

“हे टेबल संघटनेने परत घ्यावं असं लिहिलंय. पण संघटनेने ते तुम्हाला दिलं कधी होतं? माझ्या तरी वाचनात असा ठराव नाही. दिलेलंच नाही ते परत कसं घेणार?”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कागद परत घेतला, वाचला, चष्मा नीट केला. “नियमावली आणा,” ते म्हणाले.

नियमावली आली. कंपनीवाले पुढे सरकले. “आणि साहेब, चाळीस वर्षं एका जागी बिनतक्रार बसलेल्या माणसाला त्या जागेवर काही हक्क निर्माण होतो की नाही?”

“माझं एक आहे,” फारकतबाई डोळे पुसत म्हणाल्या. “इतक्या वर्षांचं एकत्र राहणं एका बाजूने कसं मोडता येईल? समोरच्याची संमती नको का?”

“एकेक विचारा, एकेक,” साहेब म्हणाले आणि पानं उलटू लागले. टेबलाचा प्रश्न त्यांना भलताच अवघड वाटत होता, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. दोनदा ते “थांबा, हे बघायला पाहिजे,” असं म्हणाले. अर्ध्या तासाने तरुण सभासदबाई घसा खाकरून म्हणाली, “साहेब, माझं या पत्राचं नाही. माझं एक मृत्युपत्र अडलंय. दोन साक्षीदारांपैकी एकजण आता म्हणतो सही माझी नाहीच. दीड महिना झाला, मला काही सुचत नाहीये.”

“दीड महिना?” साहेब म्हणाले. “मी खाली तर होतो.”

“चुकलं साहेब,” ती म्हणाली.

साहेबांनी आपलं पत्र नियमावलीत खूण म्हणून घातलं, नियमावली मिटली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. “बसा. कागद कुठेत?”

पाच वाजले. कुणी हललं नाही. कंबरदुखीवाले वाट बघून बघून खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. त्यांचं एक भाडेकराराचं होतं. चिटणीसांचंही एक खरेदीखत दोन महिने टेबलावर पडून होतं, ज्यात शेजारच्या जमिनीतून जायची वाट कशी लिहावी ते काही केल्या जमत नव्हतं, आणि ज्याबद्दल आजवर त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. ते खाली जाऊन ते कागद घेऊन आले, एक खुर्ची ओढली आणि पाचव्या नंबरला बसले.